याला हेड नाही

दिव्यांगांवर महाराष्ट्राइतकं प्रेम करणारं राज्य देशात नाही, आणि हे मी पुराव्यानिशी सांगतो. त्यांच्यासाठी या राज्याने स्वतंत्र विभागच काढला. तारीख ३ डिसेंबर २०२२. विभाग आला की सचिव येतो, सचिवांमागून गाडी येते, गाडीमागून शिपाई येतो. दुभाषी तेवढा यायचा राहिला आहे. वाटेत असेल.

समजा, वेल्ह्याकडच्या पासली गावची एक मुलगी आहे. (समजाच. खरी निघाली तर तिला अर्ज करावा लागेल, आणि ती वेळ मला कोणावर आणायची नाही.) बी.कॉम.ला आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. हातांनी बोलते, आणि एकदा सुरू झाली की आवरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता तिला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा आहे. कॉलेजात सगळे त्याला ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. वेल्हे, मार्गासनी, नसरापूर करत चेलाडी फाट्याला उतरायचं आणि जवळच्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये बसायचं.

पहिल्या दिवशी तिथले साहेब तिला तोंडाने काम समजावतात. समजलं नाही हे पाहून तेच मोठ्याने समजावतात.

दुभाषी द्या, असं म्हटलं की खो-खो सुरू होतो. कॉलेज म्हणतं, वर्गातलं आम्ही बघू, फाटकाबाहेरचं कंपनी बघेल. कंपनी म्हणते, ती आमची कर्मचारी नाही, तुमची विद्यार्थिनी. विद्यार्थिनी म्हणजे उच्च शिक्षण. उच्च शिक्षणवाले म्हणतात, दिव्यांग ना? मग दिव्यांग कल्याण. तिथे कळतं की कंपनीत बसणं हे कौशल्य विकासात येतं. सगळे अतिशय सौजन्याने बोलतात, चहा पाजतात आणि शेवटी एकच वाक्य ऐकवतात : मागणी रास्त आहे हो, पण याला हेड (म्हणजे खर्च टाकायचं लेखाशीर्ष) नाही. श्रवणयंत्राला हेड आहे, ते घ्या की.

२०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, आणि ‘वाजवी सोय’ करून द्या असंही बजावलं आहे. अवाजवी बोजा पडत नसेल तर, अशी अट त्या सोयीच्या व्याख्येतच आहे. कचेऱ्यांनी कायदा नेमका तिथून वाचायला घेतला. मुलीच्या वेल्हे तालुक्याचा राजगड तालुका झाला तेव्हा मात्र हेडवाचून कोणाचं अडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन असतो, त्या दिवशी व्यासपीठावर दुभाषीही असतो. फोटोत यावा लागतो ना. तासाभराच्या समारंभाला सापडणारं हेड १२० तासांच्या कामाला सापडत नाही.

सापडतच नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात ऑनलाइन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या दुभाष्याला पडद्यावर दाखवावं की नाही, इथून प्रश्न होता. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश होते, त्यांनी परवानगी दिली, आणि पुढच्याच महिन्यात न्यायालयाने स्वतः दुभाषी नेमून दिला. तेव्हा उपाय आहे. फक्त त्यासाठी चेलाडी फाट्याला सरन्यायाधीश उतरावे लागतात.

ते उतरेपर्यंत पासलीने आपली सोय केली आहे. मुलीचा धाकटा भाऊ बारावी करून घरी आहे. तोच रोज तिच्याबरोबर जातो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे लोकांच्या ‘लाडका भाऊ’त, त्याने दुसऱ्या कुठल्या आस्थापनेत जागा मिळवली असती तर बारावी पास म्हणून महिना ६,००० रुपये मिळाले असते. बहिणीशेजारी बसून दिवसभर दोन भाषांची हमाली करतो, त्याचे शून्य. एसटीचं दोघांचं तिकीट आईच्या १,५०० रुपयांतून निघतं. ‘लाडकी बहीण’ योजनेचा दुभाषी निधी म्हणून असा विनियोग होतो, हे मंत्रालयाला कळलं तर जाहिरात येईल, म्हणून मी गप्प आहे.

दुभाष्याचं काम शिकायला दोन वर्षांची पदविका असते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. भावाकडच्या खुणा घरातल्या : भातलावणी, म्हैस, पाऊस, मामा आले, मामा गेले. इनपुट टॅक्स क्रेडिटची खूण त्या घरात कधी लागलीच नव्हती. डेबिट नोट आली की तो ‘यांनी आपले पैसे कापले’ अशी खूण करतो, आणि बहीण उरलेला दिवस साहेबांकडे डोळे वटारून बघत बसते. दुपारनंतर कंटाळला की साहेबांची दहा वाक्यं तो एका खुणेत उरकतो : ‘काही नाही, तुझं चालू दे.’

असे १२० तास भरले. मूल्यमापनाच्या फॉर्मवर मुलीला हिशोबात दहापैकी नऊ मिळाले आणि संवादकौशल्यात तीन. भावाला मात्र साहेबांनी नोकरीचं विचारलं आहे. पोरगा चुणचुणीत आहे म्हणाले, सगळ्यांशी बोलतो.