आबांची बिनखुणेची नाणी

नागपंचमी जवळ आली की आमच्या शिराळ्यात पूर्वी माणसं बांधाबांधानं नाग हुडकत फिरायची. आमचे आबा बाराही महिने दुकानांचे गल्ले हुडकतात. त्यांना चुकलेलं नाणं हवं असतं. घरात भाजीला मीठ जास्त पडलं तर आबा ताट सरकवतात, पण टांकसाळीची चूक सापडली की ती कापसात गुंडाळून ठेवतात.

"आरं, ह्या रुपयावर सालाखाली खूनच न्हाई! टांकसाळ इसरली!" असं ओरडत ते एकदा भल्या पहाटे आमच्या दारात आले. टांकसाळींच्या खुणा ठरलेल्या असतात: मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नाही. हे मी सांगितलं तेव्हा आबांचा चेहरा उतरला. 'विसरलेल्या' नाण्यांनी त्यांचा बिस्किटांचा डबा गच्च भरला होता.

दहाच्या नाण्यानं तर बाजारात वेगळाच घोळ घातला. कुणी म्हणे रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, कुणी म्हणे दहा रेघांचं खरं आणि पंधरांचं खोटं. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदाच्या चौदा नमुने चालतात. तोवर दुकानदार ज्याला खोटं म्हणत, त्याला आबा दुर्मीळ म्हणत, आणि मध्ये भाजीवाली मावशी दोघांनाही वांगी देईना.

अस्सल चूक मात्र बघण्यासारखी असते. ठोकलेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर जाऊन आदळते. मग तिच्या एका अंगाला सरळ छाप उठतो आणि दुसऱ्या अंगाला तोच छाप आरशातल्यासारखा उलटा, खोलगट. याला किंमत आहे. बाळाच्या करगोट्यासाठी भोक पाडलेल्या पैशाला नाही. ती चूक टांकसाळीची नव्हे, आजीची.

शिवाजी महाराजांच्या शिवराई नाण्यापुढं मात्र हे सगळं शास्त्र हात टेकतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्रपति'. पण साचा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हातोड्याचा. त्यामुळं कधी 'श्री' बाहेर, कधी 'पति' गायब. त्यात शिव, शीव, सिव, सीव असे सगळे प्रकार. शाळेत यासाठी आम्ही छड्या खाल्ल्या, संग्राहक त्याचीच वर्गवारी करतात! सरकलेला छाप बघून आबा हरखले, तेव्हा त्यांना सांगावं लागलं की इथं चुकलेलीच जास्त. सगळी अक्षरं धड उमटलेली शिवराई मिळाली तर खरी चैन.

तुमच्या देव्हाऱ्यात अशी एखादी शिवराई असेल, तर सणासुदीला तिला चिंच लावून घासू नका. तीनशे वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत उतरतो, आणि त्याबरोबर किंमतही.