नुसतं झोपायला तर जायचं आहे!

मराठी मध्यमवर्गीय घरात सहलीचा बेत ठरत असताना एक वाक्य हमखास उच्चारलं जातं, आणि बहुधा ते घरातला कर्ता पुरुषच उच्चारतो : "हॉटेलचं एवढं काय घेऊन बसलात, नुसतं झोपायला तर जायचं आहे!" नागपुरात हेच वाक्य "झोपालेच त जायचं आहे नं भाऊ" असं येतं, आणि शेवटच्या 'भाऊ'मुळे त्याला सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावाचं वजन प्राप्त होतं. चार मित्र गोव्याला निघाले असतील तर हे वाक्य बरोबर आहे, कारण ते झोपतही नाहीत. पण पाच वर्षांखालची दोन मुलं, एक आजी आणि सात डाग घेऊन थीम पार्कला निघालेल्या कुटुंबाने हे वाक्य प्रमाण मानलं, की पुढच्या तीन दिवसांत जे जे बिघडतं ते सगळं तिथूनच बिघडायला लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी मुक्काम ठरवावा आणि मग पार्क, एवढंच या लेखाचं म्हणणं. वरकरणी ते उलटं वाटेल, पण पुरावे तपासून बघावेत.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न नीट कळणं अवघड आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं तेव्हापासून तो सकाळी पोहे खाऊन निघतो आणि रात्री घरच्या पलंगावर येऊन पडतो. नागपूरकराची ती सोय फक्त अमरावती रोडवर, बाजारगावच्या फन अँड फूड व्हिलेजपुरती. त्यापलीकडे काहीही बघायचं म्हटलं की रेल्वेचा डबा किंवा समृद्धी महामार्ग आलाच. शहराच्या मधोमध झिरो माईलचा खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत आणि दगडावर गावागावांची अंतरं कोरलेली आहेत. त्यात हैदराबाद ३१८ मैल लिहिलंय. देशाच्या मध्यावर असण्याचा अभिमान नागपूरकराला जरूर असावा, पण मध्यावर असलेला माणूस प्रत्येक ठिकाणापासून सारखाच लांब असतो, हेही त्याने दगडावर वाचलेलं बरं. म्हणून इथल्या कुटुंबाला मुक्काम टळत नाही, आणि मुलं लहान असली की बहुधा गाडी वळते ती हैदराबादकडे, रामोजी फिल्म सिटीला.

आता हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांच्या झोपेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाचे ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. म्हणजे सहलीचा निम्मा वेळ मूल झोपलेलं असणार, निदान असायला हवं. उरलेल्या निम्म्यातून आंघोळ, भरवाभरवी, बूट हरवणं आणि बूट सापडणं वजा करा. पार्कात जे तास मिळतात, त्यातही सगळे खेळ या मुलांसाठी नसतातच. पाच वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि मोठ्या रोलर कोस्टरसमोर जी उंची मोजायची पट्टी उभी असते ती बहुतेक ठिकाणी १२० किंवा त्याहून वर. त्या पट्टीपाशी टाचा उंचावून उभं राहिलेलं मूल आणि "थोडं ॲडजस्ट करा ना" म्हणणारा बाप हे दृश्य कोणत्याही पार्कात फुकट बघायला मिळतं. तेव्हा ज्याला "नुसतं झोपायला" म्हणतात, तोच कार्यक्रमाचा मुख्य भाग ठरतो.

ही गोष्ट पार्क बांधणाऱ्यांना फार आधी कळली. वॉल्ट डिस्नेने १९५५ च्या जुलैमध्ये अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा हॉटेल बांधायला त्याच्याकडे पैसेच उरले नव्हते. ते काम जॅक रॅदर नावाच्या दूरचित्रवाणी निर्मात्याने अंगावर घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेलँड हॉटेल सुरूही केलं. पुढे पार्काभोवती मोटेलांची दाटी झाली. पार्क डिस्नेचं, थकलेली पोरं लोकांची आणि त्यांना झोपवण्याचे पैसे तिसऱ्याला. मग फ्लोरिडात कंपनीने सुमारे २७,००० एकर जमीनच घेऊन टाकली. १९७१ साली तिथलं पार्क उघडलं तेव्हा स्वतःची दोन हॉटेलं तयार होती, आणि एकाच्या पोटातून तर मोनोरेल जात होती. रामोजी फिल्म सिटीने १,६६६ एकरांच्या आवारातच ऐपतीप्रमाणे निवडायला सितारा आणि तारा अशी हॉटेलं ठेवली. इमॅजिकानेही दोनेक वर्षांत शेजारी हॉटेल उभं केलं. ज्यांचा धंदा पार्काचा, ते खोल्या बांधतात, आणि आपण मात्र खोलीचं नाव काढलं की "झोपायलाच तर" म्हणतो.

बरं, खोली म्हणजे तरी काय? संकेतस्थळावरच्या फोटोत पलंगावर टॉवेलचा हंस बसलेला असतो आणि त्या हंसाकडे बघून पैसे भरले जातात. प्रत्यक्षात मुलं तो हंस पहिल्या मिनिटाला उसवतात आणि खरी खोली दिसू लागते. हल्लीच्या हॉटेलांत न्हाणीघराला भिंतीऐवजी काच असते. ती नवविवाहितांसाठी बसवलेली असणार, यात शंका नाही. पण आत शिरायची पाळी आजींवर येते. काचेला पडदा असतो, त्याची दोरी खोलीच्या बाजूला असते आणि दोरीपाशी चार वर्षांचं मूल उभं असतं. कपाटात आकडे दाबून बंद होणारी तिजोरी असते. मूल आत आजीचा चष्मा ठेवतं, चार आकडे दाबतं आणि दार लावतं. कोणते आकडे दाबले ते त्याला सांगता येत नाही, कारण त्याला आकडे अजून यायचे आहेत. विजेच्या किटलीवर फक्त पाणी उकळावं असं लिहिलेलं असतं, पण झाकण उघडल्यावर येणारा करपट वास सांगतो, की आधीच्या बिऱ्हाडालाही रात्री दूध लागलं होतं. डिनर आठला सुरू होतं, मूल पावणेआठला झोपतं आणि साडेदहाला टक्क जागं होऊन वरणभात मागतं. बाथटब असतो, बादली नसते. भारतीय मुलाला बादली आणि मग दिला की तासभर दुसरं काही लागत नाही, हे आंतरराष्ट्रीय हॉटेलसाखळ्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. आवारातली खोली महाग, शहरातली स्वस्त. पण २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत पहाटे पाचला सुटते आणि सव्वाबाराच्या सुमारास पोचवते, म्हणजे मुलं साडेतीनला उठवलेली आणि दुपारी उतरताना खांद्यावर आडवी. रामोजी तिथून तीसेक किलोमीटर पुढे, विजयवाड्याच्या रस्त्याला. शहरात राहणाऱ्याला हे अंतर रोज दोनदा कापावं लागतं, आणि पार्कात दुपारी दीडला मूल पेंगलं की त्याला दोनच रस्ते राहतात : टॅक्सी करून तिकीट पाण्यात घालणं, किंवा उरलेला दिवस पंधरा किलोचं झोपलेलं मूल उचलून चित्रपटांचे सेट बघणं. फाटकाच्या आत खोली असलेला माणूस दीडला मूल आडवं करतो, स्वतःही आडवा होतो आणि साडेतीनला माणसात येतो. स्वस्त खोलीच्या दरात टॅक्सी, वाया गेलेली दुपार आणि नवराबायकोचा अबोला मिळवला, की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. शिवाय नागपूरकराच्या हातात एक हुकूम आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात. तेलंगणातल्या शाळाही तोवर सुरू झालेल्या असतात. तो जूनमधला आठवडा आपला. गर्दी कमी, दर नरम आणि ४५ अंशांचा मेही मागे पडलेला. मे महिन्यात दुप्पट पैसे मोजून घाम गाळण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

दुसरा आक्षेप नातेवाइकांच्या बाजूने येतो : "पक्की आत्या असताना हॉटेल काऊन?" आत्याच्या घरी चेक-आउटची वेळ नसते, हे कबूल. पण चेक-इनलाच तीन तास लागतात, सकाळी उपमा खाल्ल्याशिवाय निघता येत नाही, जेवूनच जा म्हटल्यावर मोडवत नाही आणि शोकेसमधल्या बाहुल्यांकडे मुलांची नजर जाऊ नये म्हणून दोन मोठी माणसं कायम पहाऱ्यावर ठेवावी लागतात. पार्क नऊला उघडतं, आपण बाराला पोचतो. आत्याला भेटायचं असेल तर आत्याला भेटावं, त्याला रामोजीरावांची सबब नको.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार. आमच्या वेळी धर्मशाळेत सतरंजी टाकली की झालं, तेव्हा कुठे होती किटली? याचं उत्तर असं की धर्मशाळेत उतरणारे नकळत उत्तम निवड करत होते. तळमजला, मध्ये मोकळं आवार, दार उघडलं की मूल नजरेच्या टप्प्यात, आणि लक्ष ठेवायला अनोळखी मावश्यांची फौज. आजही विदर्भातल्या कुटुंबाने हे बघायचं तर शेगावला जावं. गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास म्हणजे साधी खोली, लख्ख फरशी, नम्र सेवाधारी आणि चालत जाता येईल इतकं जवळ जेवण. आनंदसागरला झुकझुक गाडी होती तेव्हा जवळच आनंदविहारला उतरायची सोय होती. खेळणं आणि उशी एकमेकांजवळ असावी, हे फ्लोरिडाला कळलं तसंच शेगावलाही कळलं होतं, आणि तेही टॉवेलचा हंस न करता. म्हणून कुटुंबाला साजेशी जागा महागच असते असं मुळीच नाही. ती जवळ असावी, स्वच्छ असावी आणि मुलाने आरडाओरडा केला तर शेजारच्या खोलीतल्या माणसाने कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढं पुरे.

कोणी म्हणेल, खोली इतकी छान निघाली की मूल पोहण्याच्या तलावातून बाहेरच यायचं नाही, मग पार्काचं तिकीट कशाला? अगदी बरोबर. हा आक्षेप नसून माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. तीन वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाणी आणि लिफ्टची बटणं पुरतात. पार्क हवं असतं ते आईबापांना. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य करावं आणि आळीपाळीने जाऊन यावं.

तेव्हा आरक्षणाआधी हॉटेलला एक फोन करा. तारे किती, जिम आहे का, रूफटॉप आहे का, हे विचारू नका. फाटकापासून खोली किती मिनिटांवर, तळमजल्याची खोली मिळेल का, संध्याकाळी सातला साधा भात आणि रात्री कोमट दूध मिळेल का, न्हाणीघराला भिंत आहे की काच, आणि बादली आहे का, एवढंच विचारा. पलीकडचा माणूस न हसता पाचही प्रश्नांची उत्तरं देत असेल तर पैसे भरून टाका. पार्काची तिकिटं त्यानंतर काढली तरी चालतात.