आधी पोराला सांगा

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेच्या उधन्याहून भुसावळकडे निघालेली गाडी खान्देशात शिरली की डबा रिकामा व्हायला लागतो. नंदुरबारला थोडे उतरतात, अमळनेरला बरेच. फलाटावर मामा उभा असतो. पिशव्या उचलता उचलता तो भाच्याला विचारतो, "कसा चालू शे रे अभ्यास?" भाचा म्हणतो, "बरा शे."

मामाला वाटतं, पोरगं लपवतंय. आईला वाटतं, लाजतंय. माझ्या मते तो खरं तेच सांगतोय. जूनपासून तो वर्गात बसला, सहामाही दिली, गाडीत चढला. पण आपल्याला काय जमतं आणि कुठे अडतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. गुजरातेत दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची. पेपर हातात पडणार ती सुट्टी संपल्यावर. तोवर अर्धं वर्ष गेलेलं असतं आणि पुस्तकाचा पहिला भाग कायमचा मिटलेला असतो.

आता याच पोराचं घर बघा. सुरतेतलं लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, कुठलंही घ्या. बाप लूमवर. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. पाळी संपली की आपण किती कापड काढलं, हे त्याला ठाऊक असतं. आई घरी साड्यांना टिकल्या-खडे लावते, मजुरी साडीमागे. संध्याकाळी किती साड्या झाल्या, हे तिला मोजून ठाऊक असतं. एका खोलीत राहणाऱ्या तिघांपैकी दोघांना आपल्या दिवसाचा हिशेब रात्रीपर्यंत कळतो. तिसऱ्याला वर्षातून दोनदा कळतो, तोही एका आकड्यात.

लूमवर काम केलेल्या माणसाला मला काय म्हणायचंय ते लगेच समजेल. ताण्याचा एक धागा तुटला, तर लूम थांबवून तिथल्या तिथे गाठ मारावी लागते. नाही मारली, तर ती रिकामी रेघ कापडातून खाली खाली धावत जाते. मग माल तपासायच्या टेबलावर गेला की दोष सापडतो आणि पैसे कापले जातात. त्या वेळी धागा तुटला होता हे कळून काय उपयोग? विणून झालेलं कापड उसवून पुन्हा विणता येत नाही. वार्षिक परीक्षा हे ते टेबल आहे. सहामाहीसुद्धा. आपल्या शाळांनी टेबलावरची तपासणी कडक केली आणि लूमपाशी कोणी उभंच केलं नाही.

माझा धागा सातवीत तुटला होता. दशांश अपूर्णांकांची बेरीज. २.२५ आणि ३.५ यांची बेरीज मी २.६० लिहीत असे, कारण आकडे उजवीकडून एकाखाली एक मांडायचे, एवढंच मला येत होतं. वहीवर लाल फुली यायची. फुलीखाली 'लक्ष दे' असा शेरा यायचा. मी लक्ष देत होतो. खूप लक्ष देऊन तीच चूक करत होतो. शेकडेवारी चुकली, सरळव्याज चुकलं, क्षेत्रफळ चुकलं. फेब्रुवारीत एक बाई माझ्या बाकाशी थांबल्या, पेन घेतलं आणि म्हणाल्या, "आकडे राहू दे. आधी टिंबाखाली टिंब मांड." अर्धं मिनिट लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी आठ महिने थांबलो होतो, आणि गणित आपल्या डोक्यातच नाही हे मधल्या काळात मनाशी पक्कं करून टाकलं होतं. ती समजूत काढायला पुढे दोन वर्षं लागली.

कायद्यात हे नाही असं समजू नका. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकांना सांगतं की पालकांच्या नियमित बैठका घ्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांच्या कानावर घाला. कलम २९ सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन मागतं. दोन्ही कलमं चांगली आहेत. पण पहिल्या कलमातली माहिती जाते पालकाकडे. आणि सुरतेत पालक म्हणजे बारा तासांच्या पाळीतला माणूस. सकाळी अकराच्या बैठकीला यायचं, तर त्याचे त्या दिवसाचे मीटर बुडतात. तो आला नाही की "पालकांना आस्था नाही" अशी नोंद होते. अशी नोंद करणाऱ्यांनी एकदा तरी रात्रपाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दाराशी बैठक लावून बघावी.

सरकारला आकडे कमी पडतात म्हणावं, तर तेही नाही. शनिवारची 'एकम कसोटी', म्हणजे घटक चाचणी, गुजरातच्या सरकारी शाळांत शिकलेल्या पोरांच्या चांगल्या ओळखीची. गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र आहे. १८ एप्रिल २०२२ला पंतप्रधान तिथे आले, तेव्हा वर्षाला ५०० कोटींहून जास्त माहिती-संच तिथे गोळा होतात, असं सरकारनेच सांगितलं. हजेरी जाते, चाचण्यांचे गुण जातात, पडद्यावर जिल्हे आणि तालुके रंगतात. राज्याला आपल्या शाळांची नाडी कळावी, याला माझा विरोध नाही. पण माहिती सुरतेहून गांधीनगरला जाते त्याच दिवशी ती तिसऱ्या बाकापर्यंतही जायला हवी. ते अंतर चार हातांचं आहे. तिथे केंद्र लागत नाही, पडदा लागत नाही. एक माणूस लागतो, तोही आधीच वर्गात असतो.

"आमच्याकडे वेळ नाही," असं शिक्षक सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. तरी हिशेब करू. कायद्याने वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत. आठवड्याचे सहा दिवस. रोज सहा मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. बारा मिनिटांत दिवसाचं काम संपतं, आणि शनिवारपर्यंत वर्गातल्या प्रत्येक पोराशी एकदा समोरासमोर बोलून झालेलं असतं. वर्गात साठ मुलं असतील तर पंधरवडा लागेल. पंधरवडासुद्धा सहामाहीपेक्षा लवकर येतो. आणि वेळ काढायचाच असेल, तर पोराची दोन मिनिटं आधी राखा आणि आकडे भरायचं एखादं काम शिक्षकाच्या डोक्यावरून उतरवा. हे मुख्याध्यापकाला जमणार नाही. ते वरून व्हायला हवं, आणि तसं मागायला शिक्षकांनी लाजू नये.

त्या दोन मिनिटांत काय सांगायचं, यावर सगळं अवलंबून आहे. '५० पैकी ३१' ही प्रगतीची माहिती नव्हे. 'सुधारणेस वाव' हीसुद्धा नव्हे. तो शेरा कुणाच्याही वहीवर खपतो. रूथ बटलर या इस्रायली संशोधक बाईंनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता कामाबद्दलचा शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. आकडा दिसला की पोर शेजारच्याच्या वहीत डोकावतं, आणि शेरा वाचायचा राहून जातो.

म्हणून सांगायचं ते असं: हे तुला आलं. हे अडलं, इथे, या ओळीत. आता हे कर. आणि त्याला कळेल अशा भाषेत. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठीसह सात माध्यमांच्या शाळा चालवते, ही या शहराची मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण आपली पुष्कळ मुलं आता गुजराती आणि इंग्रजी माध्यमात बसतात. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती, प्रगतिपुस्तकात इंग्रजी. ज्या कागदावर पोराबद्दल लिहिलंय, तो त्याच्या आईला वाचता येत नसेल, तर शाळेने तो तोंडी सांगावा. बाकी कशात नाही तरी एवढ्यात कसूर नको.

मुलाला त्याची चूक तिथल्या तिथे कळू देणं गुजरातेतच एकदा नीट करून दाखवलं गेलंय, आणि करणाऱ्यांत आपली एक मराठी बाई होती. ताराबाई मोडक १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथली पद्धत माँटेसरीची. तिच्या साधनांत दट्ट्यांची एक लाकडी पेटी असते. प्रत्येक दट्ट्या आपल्याच मापाच्या भोकात बसतो. एक चुकला, की शेवटी हातात एक दट्ट्या उरतो, जो कुठेच नीट बसत नाही. बाई ओरडत नाहीत, गुण कापत नाहीत. मूल स्वतःच बघतं, थांबतं, सगळे काढतं आणि पुन्हा लावायला घेतं. चूक त्याला त्या क्षणी कळते, आणि ती दुरुस्त करायची ताकदही त्याच्याच हातात असते. तीन वर्षांच्या मुलाला आपण हा मान देतो. तेरा वर्षांच्याला का नाही?

कळवणं म्हणजे जाहीर करणं नव्हे, हेही इथेच सांगतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांच्या गुणांची यादी टाकणं ताबडतोब बंद व्हायला हवं. त्या यादीने तळाच्या पाच पोरांना काहीही शिकवलेलं नाही. फक्त त्यांचं नाव गल्लीभर केलंय. पोराची उणीव ही त्याची आणि त्याच्या शिक्षकाची खाजगी गोष्ट आहे. फार तर आई-बापाची.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं असं म्हटलंय. धोरणातली ही ओळ मला फार आवडते. तो रकाना पोरानेच भरावा. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं वाक्य पस्तीस जणांनी उतरवून घेऊ नये. सुरुवातीला पोरं 'मी हुशार आहे' किंवा 'मी ढ आहे' असंच लिहितील, कारण आजवर त्यांना स्वतःबद्दल एवढंच ऐकायला मिळालंय. महिना-दोन महिने दर आठवड्याला कोणीतरी बाकाशी बसून बोललं, की तिथे दुसरं काहीतरी यायला लागेल. 'लसावि जमतो. मसावि काढताना कुठे थांबायचं ते कळत नाही.' असं लिहिणारं पोर नापास झालं तरी मला त्याची काळजी वाटणार नाही. त्याला कुठे गाठ मारायची ते ठाऊक आहे.