रक्तावर बोट ठेवून फाईल बंद करू नका

‘त्यांच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य नांदेड-लातूरकडं दोन वेळा हमखास ऐकू येतं. सोयरीक मोडताना, आणि गावात एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर. आजा तसा, चुलता तसा, मग पोरगाही तसाच निघाला. एवढं म्हटलं की विचारणं थांबतं. माझा राग या थांबण्यावर आहे.

घराण्याचा भाग खोटा नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण 37 टक्के आनुवंशिक असतो. चिंतेच्या आजारांचंही थोडंफार तसंच. पण ‘नैराश्याचं जनुक’ म्हणून कुणी एक सापडलेलं नाही. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या तरुणांच्या अभ्यासातून सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचं नाव पुढं आलं. 2019 मध्ये लाखो लोकांची माहिती तपासल्यावर तो दावा टिकला नाही. वाटा असतो शेकडो जनुकांचा, प्रत्येकाचा कणभर. तेवढ्यावरून कुणाच्या लेकीची सोयरीक मोडणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. माँट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या गटानं उंदरांची पिल्लं अदलाबदल करून वाढवली. बेफिकीर आईच्या पोटची पिल्लं चाटून-गोंजारून जपणाऱ्या आईकडं वाढली, तेव्हा ती धीट झाली. ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणाही बदललेल्या दिसल्या. माणूस उंदीर नाही, हे मान्य. पण बुखारेस्टच्या अनाथालयांतली बाळं चांगल्या पालक-कुटुंबांत दिली, तेव्हा साडेचार वर्षांच्या वयात त्यांच्यात चिंता-नैराश्य संस्थेत राहिलेल्यांपेक्षा कमी आढळलं. या मुलांचे जन्मदाते बदलले नव्हते, सांभाळणारे हात बदलले होते. आणि 1993च्या भूकंपातून वाचलेल्या किल्लारीकरांना कुणी शिकवायची गरज नाही: धक्का एकच होता, पण एकाच घरातल्या दोन भावंडांनी तो सारखा सोसला नाही.

आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरात या दोन्ही गोष्टी एकदमच येतात. बापाकडून कदाचित हळवा स्वभाव आलेला, आणि त्याच बापाच्या जाण्याचा आघातही. अशा घरातलं तीन वर्षांचं लेकरू आपल्या व्यवस्थेत कुठं असतं? एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र-अपात्र’ ठरवताना सातबारा बघतात, कर्ज बघतात, वसुलीचा तगादा होता का ते बघतात. 2015 पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत. आशाताई दारात येऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करते, हे काम मोलाचंच आहे. मग त्याच दारात उभ्या असलेल्या पोराचीही वर्षानुवर्षं विचारपूस करा. झोपेतून दचकून उठतं का, बोलणं बंद केलंय का, आईला तरी कुणाचा आधार आहे का.

इथं कुणी आईकडं बोट दाखवू नये. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला गेलेली बाई पोटुशी असली तरी मोळ्या वाहते, कारण मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो. लेकरू उसाच्या पाचटावर फडक्यात झोपतं. तिनं त्याला कधी गोंजारायचं? तिच्याजवळ माया कमी नाही, तिला उसंत मिळत नाही.

गावी थांबणाऱ्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. सहा वर्षांच्या आतलं मूल मात्र आईबरोबर कोपीवर जातं आणि त्याची अंगणवाडी गावात राहते. मेंदूतली ताणाची यंत्रणा घडण्याची वर्षं नेमकी हीच. लातूरच्या क्लासमध्ये सतरा वर्षांचं पोर कोसळलं की आपण दोन वर्षांच्या अभ्यासाचा हिशेब मांडतो. पहिल्या पाच वर्षांचं कुणी विचारतच नाही.

त्या पोराला आजही मदत मिळू शकते, टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे. तान्ह्यांसाठी मात्र मागणी सरळ आहे. कारखान्याला गाळप परवाना देताना अट घाला: फडाजवळ पाळणाघर, तिथं पगारी सेविका, आणि पोटुशीला मोळी उचलायला लावायची नाही. दरवर्षी टोळ्या गाव सोडण्याआधी ही अट परवान्यावर छापलेली हवी.