लाकडी जमीन: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

खडकवासल्याला फ्लॅट घेतलात, बाल्कनीतून सिंहगड दिसतो (त्याचे पैसे बिल्डरने वेगळे लावलेत) आणि हॉलला 'वुडन फ्लोअरिंग' हवंच, असं घरात ठरलंय. अभिनंदन. पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. आधी कारण पाठ करा. पाहुणे विचारणारच. 'छान दिसतं' म्हणू नका, ते त्यांनाही दिसतंय. सांगा, की लाकूड पायाची ऊब पटकन ओढून घेत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहाटे शहाबादी फरशीसारखी फळी गार लागत नाही. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं होतं, हेही जोडून द्या. वाडा १७३२ चा. आपला टू-बीएचके त्याच घराण्यातला वाटू लागतो.

२. माल ओळखा. सागवान, ओक ही नावं लॅमिनेटलाही असतात. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी, तिच्यावर लाकडाचा छापील फोटो आणि वर पारदर्शक थर. परीक्षा सोपी आहे. दुकानात गुडघे टेका, फळीवरची एक गाठ नीट पाहून ठेवा आणि पुढे सरकत राहा. तीच गाठ, शेजारी तोच डावीकडे कललेला तडा पुन्हा भेटला, तर ते झाड छापखान्यात वाढलेलं आहे.

३. खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. धरणकाठच्या हवेशी त्याची ओळख होऊ द्यावी. सुतार म्हणेल, "साहेब, काही होत नाही." हे वाक्य तारखेसह लिहून ठेवा.

४. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर फट सोडायला लावा. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. नाही सोडली, तर पावसाळ्यात फळ्या फुगतात, कडेला जागा नसल्याने मध्येच उठतात आणि ऑगस्टात सिंहगड हॉलमधूनच दिसू लागतो. याचे वेगळे पैसे नाहीत.

५. पाण्यापासून जपा. पाण्याच्या वागणुकीचा अभ्यास करणारं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आपल्याच गावात आहे. संस्था १९१६ ची. पण मावशींच्या बादलीपुढे कुणाचं शास्त्र चालत नाही. "मावशी, फडकं घट्ट पिळून घ्या हं," असं म्हणून पाहा. "पाण्याबिगर कधी स्वच्छ होतंय का, ताई?" हे उत्तर येईल. वाद घालू नये. मावशी सोडून गेल्या तर फ्लोअरिंग तुम्हालाच पुसायचंय.

६. आजोबांचं मत विचारू नका. त्यांचं बालपण पेठेतल्या वाड्यात, कडीपाटाच्या माडीखाली गेलंय. वर पोरं नाचली की खाली ताटात माती पडायची, हे ते सांगतील. वाडा पाडताना आधी सागवान उतरवून विकलं, भिंती नंतर, हेही सांगतील. मग तुमच्या फळीवर टिचकी मारतील आणि काहीच बोलणार नाहीत.

७. ओरखड्यांची तयारी ठेवा. भरीव फळी घासून पुन्हा पॉलिश करता येते, तेही अनेकदा. लाकडाची हौस पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती त्याला असं म्हातारं होता येतं म्हणून. फोटो घासला तर फोटोच जातो.

८. भरीव सागवान परवडत नाही आणि छापील पटत नाही, असं झाल्यास एक सागवानी पाट आणावा. त्यावर बसावं. बसण्यापुरती लाकडी जमीन झाली, आणि ती भिंतीला टेकवून फरशी खुशाल ओली पुसता येते.