सस्पेन्स खात्यातली भजी

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या बापाला साठी-शांतीला काय द्यावं, असा प्रश्न चिरंजीवांना पडला आणि त्यांनी मनगटी घड्याळ दिलं. वेळ दाखवणं हे त्याचं जोडकाम. मुख्य धंदा पाळत ठेवण्याचा. किती पावलं चाललात, किती झोपलात, छाती किती धडधडली आणि या सगळ्यात किती कॅलरी जळल्या. जोडीला मोबाइलमध्ये एक ॲप. काय खाल्लं ते त्यात आपण भरायचं. म्हणजे एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च, खाली बाकी. डॉक्टरांनी ‘वजनाकडे जरा बघा’ म्हटल्याला तोवर दोन वर्षं झाली होती आणि मी बघतच होतो. पण ही किर्द-खतावणी समोर आली मात्र, माझ्यातला जुना इन्स्पेक्शनवाला खडबडून जागा झाला. वजन जाईल तेव्हा जाईल, हिशेब तर चोख राहील!

पहिल्याच दिवशी गाडी अडली ती वाटीपाशी. ॲपनं विचारलं, आमटी किती? मी म्हटलं, एक वाटी. लहान, मध्यम की मोठी? आमच्या घरात वाट्या अकरा प्रकारच्या. चार हिच्या माहेरच्या, दोन कुणाच्या तरी मुंजीतल्या, नाव घातलेल्या, एक शेजारणीची, परत करायची राहिलेली. बाकीच्या कुठून आल्या, ते देव जाणे. मी खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन बसलो आणि एकेका वाटीत पाणी मोजलं. मुंजीच्या वाटीत 140 मिली, माहेरच्या वाटीत 210.

“माहेरची मोठीच असणार,” ही म्हणाली.

तेव्हापासून मी आमटी मुंजीच्या वाटीतून घेतो. तीनदा घेतो, ती गोष्ट वेगळी.

या शास्त्राच्या मूळपुरुषांपैकी एक विल्बर ॲटवॉटर नावाचा अमेरिकन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात माणसं बंद खोलीत ठेवली, त्यांना मोजूनमापून खायला घातलं आणि त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. प्रथिनांना आणि पिष्टमय पदार्थांना ग्रॅममागे 4, तूप-तेलाला 9, हे ठोकताळे तेव्हापासूनचे. माणसाला बसवून खायला घालायची पद्धत आमच्याकडेही आहे, तिला अधिक महिना म्हणतात. फरक इतकाच की आमच्याकडे मोजदाद फक्त घालणारा करतो. जावयाला अनारसे तेहतीस. बत्तीस नाहीत, चौतीस नाहीत. मी जावई होऊन चौतीस वर्षं झाली, सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, पण ताट चुकलेलं नाही. तळलेल्या अनारशाचे नगाला शंभर जरी धरले, तरी 3,300 होतात. ॲपमध्ये ‘33 नग’ टाकले तर त्यानं विचारलं, ‘नक्की?’ आता ह्याला काय सांगायचं! खाल्ले तीन दिवसांत, पण नोंद व्यवहाराच्या तारखेलाच व्हायला हवी. शिस्त म्हणजे शिस्त.

प्रसादाचा घोळ याहून मोठा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वाशे ग्रॅमचं माप धरलं तर एकट्या तुपाचेच अकराशेच्या वर जातात. द्रोणात येतो त्यातला चमचाभरच, कबूल. पण आमच्या सोसायटीत श्रावणात पूजा सात होतात आणि द्रोण भरणारी माणसं प्रेमळ आहेत. नको म्हणावं, तर त्याच कथेत कलावती प्रसाद टाकून धावत सुटते आणि तिच्या नवऱ्याची नौका दिसेनाशी होते. ॲपमध्ये ‘वगळा’ असं बटण आहे. नौकेचं काय करायचं, त्याचं बटण नाही.

अशा नोंदींसाठी मी एक स्वतंत्र खातं काढलं. बँकेत काम केलेल्यांना सांगायला नको. जी रक्कम कुठे टाकायची ते कळत नाही, पण टाकल्याशिवाय तेरीज जुळत नाही, ती जाते सस्पेन्स खात्यात. नंतर सवडीने बघू म्हणून. प्रसाद तिथे गेला. नातवाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी तिथे गेली. अन्न टाकायचं नाही हा संस्कार आहे, ते खाणं नव्हे. एकादशीची साबुदाण्याची खिचडीही तिथेच, कारण त्या दिवशी मी काही खाल्लेलंच नसतं.

आता खर्चाची बाजू. पुण्यात खर्चाच्या बाजूला एकच मोठी शाखा आहे आणि ती रविवारी पहाटे उघडते.

सिंहगड. आतकरवाडीपासून चढायला सुरुवात. आमचा पाच निवृत्तांचा कंपू, पाची मनगटांवर पाच घड्याळं. पूर्वी चढताना पेन्शनवर बोलायचो, आता दर वळणावर एकमेकांची मनगटं बघतो.

“किती?”

“चारशे दहा.”

“मग एक प्लेट सोडवलीत!”

हा ‘सोडवणं’ शब्द आमच्यात रूढ झाला आहे. सावकाराकडे गहाण पडलेल्या पाटल्या सोडवाव्यात तशी वर गडावर आमची भजी गहाण पडलेली असतात. घाम गाळून ती सोडवायची. पहिल्या टप्प्यावर भजी सुटतात, दुसऱ्यावर पिठलं, दम लागून बसलं की दही. निम्म्या वाटेवर लिंबू सरबताचा गाडा लागतो. त्यातली साखर आम्ही प्रवासखर्चात टाकतो.

वर टिळकांचा बंगला आहे. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. अख्खं वर्ष खर्ची टाकलं बिचाऱ्यांनी! आम्ही एक रविवार टाकतो आणि साडेनऊला व्याजासकट वसूल करतो.

झापाखाली बसलो. चुलीवर तवा, खरपूस वासाची भाकरी, पिठल्यावर तेलाचा लाल तवंग, खलबत्त्यातला ठेचा, भाकरीवर लोण्याचा गोळा. दही मातीच्या चिमुकल्या मडक्यात, चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी मोबाइल काढला आणि मावशींना विचारलं, “भाकरी साधारण किती ग्रॅमची असते हो?”

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मोजून न्हाई घालत काका. लागंल तेवढी घ्या.”

घेतल्या.

जेवण अंगावर आलेलं असताना माणसानं गणित करू नये, मी केलं. माझं वजन 80 किलो. चढ साधारण 600 मीटर. शाळेतलं सूत्र: वजन, गुरुत्व, उंची यांचा गुणाकार. झाले सुमारे 4,70,000 ज्यूल. त्याच्या कॅलरी केल्या तर 112. (ही खरी किलोकॅलरी, एक किलो पाणी एका अंशानं तापवणारी, रोजच्या बोलण्यात तिच्यावरचा ‘किलो’ गाळतात. तीन शून्यं अशी गाळली असती तर बँकेत माझी चौकशी लागली असती.) ऐंशी किलोचा देह गडावर उचलून नेण्याचं निव्वळ काम 112. आणि पुढ्यातल्या भाकरीवरचं लोणी, पंधरा ग्रॅम धरा: 108. म्हणजे अख्खा सिंहगड एका लोण्याच्या गोळ्यात आटोपला, आणि चार कॅलरींचा ठेचा.

पुढे शरीरानं थोडी लाज राखली. ते यंत्र म्हणून सुमार आहे. स्नायूंना मिळालेल्या शक्तीतली चौथ्या हिश्श्याच्या आसपासच कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चढण्याचा खरा खर्च चौपट, साडेचारशेच्या घरात. अकार्यक्षमतेमुळे गिऱ्हाइकाचा फायदा व्हावा, असं हे मला ठाऊक असलेलं एकमेव खातं. पण घड्याळ दाखवत होतं 812. मला साडेचारशे पटत होते, आवडत मात्र 812 होते. दोन भाकऱ्या, पिठलं, भज्यांच्या दोन प्लेटी आणि दोन मडकी यांना साडेचारशेत कोण उभं करणार? मी 812 मंजूर केले.

उतरताना गुडघ्यांचा विचार करून जीप केली. पायथ्याशी घड्याळ बघतो तर मधल्या काळात 1,140 पावलं वाढलेली. खड्ड्यांची सगळी जमा माझ्या नावावर. घाटातल्या रस्त्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

घरी येऊन चिरंजीवांना फोन केला. ते बंगळूरला असतात आणि अशा बाबतीत बापाची खातरी पटवायला त्यांना आवडतं. पण या वेळी त्यांनीच सांगितलं: स्टॅनफर्ड विद्यापीठानं 2017 मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांना बरे मोजता आले. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक यंत्र सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं. सगळ्यांत थापाडं 93 टक्क्यांनी. मी गप्प झालो. सत्तावीस टक्के! आमच्या काळात दोन रुपयांचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत शाखेचं शटर अर्धं खाली ओढून सगळे बसायचो, आणि मॅनेजर स्वखर्चानं वडापाव मागवायचा.

“आणि ती दहा हजार पावलं?” मी धीर करून विचारलं. रात्री पावणेअकराला घड्याळ थरथरलं की दिवाणखान्यात फेऱ्या मारून मी रोज भरती करत होतो. खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आला होता.

“ती 1965 साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव होतं, बाबा. मानपो-केई. दहा हजार पावलांचं मीटर.”

म्हणजे लेबल! मी इतके महिने लेबलाभोवती फेऱ्या मारत होतो.

एवढ्यावर थांबायचं, तर चिरंजीवांनी हाडझांचं काढलं. टांझानियातली ही शिकार करून, कंदमुळं खणून जगणारी माणसं. हर्मन पाँट्झर या संशोधकानं त्यांचा दिवसाचा खर्च मोजून 2012 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर मैलोन्‌मैल पायपीट करणाऱ्या या माणसांचा एकूण खर्च, अंगलट लक्षात घेतली तर, खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच निघाला. पाँट्झरचं म्हणणं असं की चालणं वाढलं की शरीर आतल्या आत दुसरीकडे हात आखडतं. ऐकून मला घाम फुटला. इतके दिवस मी घड्याळावर संशय घेत होतो, ॲपवर घेत होतो, मावशींच्या तव्यावर घेत होतो. खुद्द कारकूनच आत बसून आकडे फिरवतोय, हे छत्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये?

महिनाअखेरीला काट्यावर उभा राहिलो. ॲपच्या हिशेबानं दोन किलो उतरायला हवे होते. चढला दीड. साडेतीन किलोंचा फरक! चष्मा पुसून पहिल्या तारखेपासून पोस्टिंग तपासायला बसलो. एकेका नोंदीवर बरोबरची खूण. आमटी, मुंजीची वाटी, बरोबर. पोळ्या तीन, बरोबर. चूक सापडेना. ही समोर बसून मटार सोलत होती. तिच्याकडे घड्याळ नाही, ॲप नाही, आणि चार वर्षांपूर्वी शिवलेला ब्लाउज तिला अजून येतो.

“ते दुसरं काय आहे हो, ‘स.खा.’ लिहिलंय ते?”

“सस्पेन्स खातं. त्याची बेरीज धरायची नसते.”

तिनं मोबाइल ओढून घेतला, बोटानं सरकवत गेली, सरकवतच गेली. प्रसाद, प्रसाद, नातवाची पोळी, खिचडी, चव बघितली, चव बघितली, लग्नाला गेलो होतो, चव बघितली. मग एका जागी बोट थांबलं.

“सिंहगडावर मडकी पाच?”

“दोन किर्दीत आहेत,” मी म्हटलं. “तीन तू नको म्हणालीस म्हणून घरी आणली नाहीत.”

तिनं मटारांची परात पुढ्यात सरकवली. सोलायला. अर्धा तास सोलले. घड्याळात व्यायाम म्हणून 38 पडले, आणि मधेमधे तोंडात गेलेले कोवळे दाणे कुठे टाकायचे ते मला बरोबर माहीत आहे.