बॉण्डिंगवाले काका

हल्ली बहुतेक सोसायट्यांत असे एक काका निघतातच. वय पन्नाशीच्या पुढे, घरात मुलीचं लग्न ठरलेलं. कालपरवापर्यंत प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटून, पोलीस चौकीत जबाब द्यायला बोलावल्यासारखे उभे राहायचे. आता लिफ्टमध्ये कुरिअरवाल्याकडे बघूनही हसतात आणि हसून झाल्यावर समोरचा काही म्हणतोय का, याची वाट बघतात.

कोणी काही म्हणालं नाही तर स्वतःच सुरुवात करतात. "बॉण्डिंग करून घेतलं. कॅप नाही हां! दात जराही कोरला नाही."

हे बहुतांशी खरं. काकांच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि एकाचा कोपरा शाळेतल्या क्रिकेटने नेला होता. अशा जागी दाताच्या रंगाचं काँपोझिट, म्हणजे काचेची अतिसूक्ष्म पूड मिसळलेलं रेझिन, थरावर थर देऊन बसवतात. सहसा भूल द्यावी लागत नाही, लॅबकडे माप पाठवावं लागत नाही, काम एका बैठकीत उरकतं आणि दातावर चिकटवायच्या पोर्सेलिनच्या पातळ पापुद्र्यापेक्षा, म्हणजे व्हेनियरपेक्षा, पैसेही कमी लागतात. पण काका एवढ्यावर थांबतील तर शपथ. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलला ॲसिड लावलं की रेझिन घट्ट धरतं हे दाखवलं, १९६२ मध्ये राफेल बोवेन यांना काँपोझिटमधल्या रेझिनचं पेटंट मिळालं, इथवरचा इतिहास ते पार्किंगमध्ये उभ्याउभ्या ऐकवतात. ऐकणाऱ्याने स्कूटर केव्हाच चालू केलेली असते.

खरी गंमत झाली ती शेड गाइडपाशी. डॉक्टरीणबाईंनी १६ रंगांच्या नकली दातांची पट्टी पुढे धरली, ए१ पासून डी४ पर्यंत. काकांनी थेट सगळ्यात उजळ बी१ वर बोट ठेवलं. बाईंनी शांतपणे ए३ उचलून त्यांच्या दाताशेजारी धरला आणि हातात आरसा दिला.

"काका, हा तुमचा. एवढ्या वर्षांचा चहा आहे यात."

"दोनच दात पांढरे केलेत तर वीज गेल्यावर तेवढेच दिसतील," काकू मागून म्हणाल्या.

शेवटी तोडगा निघाला. आधी सगळ्या दातांचं ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबायचं आणि त्यानंतर बॉण्डिंग. क्रम उलटा चालत नाही, कारण ब्लीचने काँपोझिटचा रंग उजळत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी ॲसिडची निळी जेल लावली, धुतली, दात कोरडे केले, बॉण्डिंगचं द्रावण फिरवलं आणि मग काँपोझिटचा पातळ थर, त्यावर निळा दिवा. पुन्हा थर, पुन्हा दिवा. लाळ लागली तर पकड जाते, म्हणून तोंड उघडं आणि बोलणं बंद. लग्न झाल्यापासून काका सलग इतका वेळ पहिल्यांदाच गप्प होते. काकूंनी घरी जायची घाई अजिबात केली नाही.

पुढचे दोन दिवस चहा, कॉफी आणि हळद वर्ज्य. मराठी घरात हळद वजा केल्यावर राहतं काय? काकूंनी दोन्ही दिवस साबुदाण्याची खिचडी केली. उपासाच्या पदार्थात हळद नसते. काका भलत्या वारी उपास करू लागले, असं शेजारी सांगत सुटले.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. काकांकडे तशी सोय नाही. पेरूच्या फोडी ते सुरीने बारीक करून दाढेकडे सरकवतात, ऊस नुसता बघतात, पेनचं टोपण दाताने उघडत नाहीत. तरी लग्नात विहीणबाईंनी आग्रहाने हातावर ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की नाकारणार कशी? फोटोग्राफर "स्माइल प्लीज" म्हणेपर्यंत कोपऱ्याचा टवका उडालेला होता. चार दिवसांनी तो त्याच खुर्चीत भरूनही मिळाला. काँपोझिटची डागडुजी सोपी असते, हा त्याचा मोठा गुण.

बॉण्डिंग साधारण पाच-सात वर्षं टिकतं, मध्येमध्ये पॉलिश लागतं आणि पुढे पुन्हा खर्च येतोच. तेव्हा करायचं असेल त्यांनी आधी कीड आणि हिरड्यांचं काम उरकून घ्यावं. झोपेत दात खायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. काकांनी सांगितलं नव्हतं. ते काकूंनी सांगितलं.